उरलेला मिथेन

माझ्या हंगामातलं पहिलं रिडिंग मातीचं नव्हतं, माझ्या पायांचं होतं.

लावणी होऊन तीन आठवडे झाले होते. प्रयोगाच्या खाचरात मी चेंबर बसवत होते. चेंबर हा शब्द भारदस्त आहे. वस्तू म्हणजे तळ नसलेली ॲक्रिलिकची उंच पेटी. चिखलात आधीच एक चौकट रोवलेली असते, चौकटीच्या काठाला पन्हळ असते, पन्हळीत पाणी असतं, आणि त्या पाण्यात पेटीचा खालचा काठ बुडला की हवेला वाट उरत नाही. आत हवा ढवळायला बॅटरीवरचा लहानसा पंखा, एक थर्मामीटर, आणि वर सुई खुपसायला रबरी बूच. पेटी बसवल्याबरोबर पहिला नमुना, मग दर १० मिनिटांनी एक, असे अर्ध्या तासात चार नमुने सिरिंजनं ओढायचे आणि आतली हवा आधीच काढून घेतलेल्या व्हायलमध्ये भरायचे. जीसीवर, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवर, चार आकडे मिळतात. ते आलेखावर मांडले की सरळ रेषा यायला हवी. रेषा जेवढी चढी, तेवढा मिथेन जमिनीतून वर येतोय.

माझी रेषा सरळ नव्हतीच. एका पेटीत दहाव्या मिनिटाला एकदम उडी आणि मग सपाट, दुसरीत तीच उडी विसाव्या मिनिटाला. मी जीसीवर संशय घेतला, मग सुईवर, मग व्हायलच्या बुचांवर. दोन दिवस बुचं बदलत बसले. खाचराची देखभाल करणारे काका बांधावरून हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही पेटीजवळ पाय टाकता ना, तेव्हा पेटीत बुडबुडे येतात. इथून दिसतात की."

खरंच येत होते. पाणी भरलेल्या चिखलात मिथेन जागोजाग बुडबुड्यांच्या रूपात अडकून असतो. माणसाचं वजन पडलं की तो दाबला जातो आणि वाट मिळेल तिथून वर येतो. मी नमुना घ्यायला वाकत होते आणि स्वतःच नमुना तयार करत होते. त्यानंतर आम्ही खुंट्या ठोकून बांधापासून चेंबरपर्यंत फळ्या टाकल्या. हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, तेव्हा ते क्षुल्लक वाटलं होतं इतकंच. आधीची सगळी रिडिंग टाकून दिली.

पण मुळात मला वर येणारा मिथेन मोजायचाच नव्हता. मला मोजायचा होता तो वर न आलेला.

खाचरात पाणी भरलं की मातीतला ऑक्सिजन थोड्या वेळात संपतो. मग तिथले जीव एकामागून एक दुसऱ्या गोष्टींवर श्वास घेतात: आधी नायट्रेट, मग मँगेनीज, लोह, सल्फेट. हेही उरकलं की मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी येते. ते जिवाणू नव्हेत, आर्किया नावाच्या वेगळ्याच घराण्यातले आहेत. ढोबळ हिशेबानं दोन तृतीयांश मिथेन ॲसिटेटचे तुकडे करून बनतो आणि एक तृतीयांश हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडपासून. इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, आणि ती इथंच संपते असंही बहुतेकांना वाटतं. मात्र बनलेला मिथेन जसाच्या तसा हवेत जात नाही. वाटेत जिथं ऑक्सिजन भेटतो तिथं तो खाणारे जिवाणू बसलेले असतात. मिथेन हेच त्यांचं जेवण आणि हेच इंधन. आधी मिथेनॉल, मग फॉर्माल्डिहाइड, फॉर्मेट आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, अशा पायऱ्यांनी ते त्याला जाळतात आणि मधल्या पायरीवरचा थोडा कार्बन स्वतःचं अंग वाढवायला काढून घेतात. चेंबरमध्ये आपण मोजतो ते त्यांच्या ताटातलं उष्टं. किती शिजलं आणि किती खाल्लं गेलं, हे उष्ट्यावरून कळत नाही.

पाण्याखालच्या मातीत ऑक्सिजन असतो तरी कुठं? दोनच ठिकाणी. एक म्हणजे पाणी आणि माती जिथं भेटतात तो वरचा पातळ थर. तो किती पातळ, हे मी स्वतः बघेपर्यंत मला खरं वाटलं नव्हतं. मायक्रोइलेक्ट्रोड म्हणजे काचेची सुई, टोक केसापेक्षा बारीक. स्क्रू फिरवत ती मिलिमीटरच्या अंशाअंशानं खाली न्यायची. पाण्यात ऑक्सिजन भरपूर. मातीला टोक लागलं, आकडा घसरायला लागला, आणि २ ते ३ मिलिमीटरवर जवळजवळ शून्य. हाताचं नख जेवढं वाढतं तेवढ्या जाडीत सगळा कारभार! भर दुपारी मोजलं तर हा थर जाड असतो, कारण मातीवर वाढलेलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. पाण्यातला ऑक्सिजन हवेशी समतोल साधून राहील त्याहूनही जास्त होतो. पहाटे अंधारात मोजलं तर थर आकसलेला. म्हणजे मिथेन खाणाऱ्यांची पंगत रोज रुंदावते आणि रोज आटते. माझी पहिली सुई आदल्या पिकाच्या धसकटावर आपटून मोडली, दुसरी मीच पेटीत परत ठेवताना मोडली. तिसरी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी स्वतःच्या ताब्यात ठेवली.

दुसरं ठिकाण म्हणजे मुळं. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून वरचा ऑक्सिजन मुळांपर्यंत उतरतो आणि थोडा बाहेर मातीत झिरपतो. उपटून धुतलेलं मूळ पाहिलं की त्याच्यावर तांबूस लेप दिसतो, भोवतालची माती मात्र काळपट राखाडी. तो लेप गंजाचा: मातीतलं विरघळलेलं लोह ऑक्सिजनला भेटलं की तिथंच बसतं. पण हीच पोकळी उलट दिशेनंही वापरली जाते. खाचरातून बाहेर पडणाऱ्या मिथेनपैकी ९० टक्क्यांपर्यंत मिथेन रोपातूनच वर जातो. एकाच नळीतून ऑक्सिजन खाली आणि मिथेन वर, आणि नळीच्या टोकाशी, मुळाच्या सालीला चिकटून, मिथेन खाणारे. मी रोपाकडे धान्य देणारी वस्तू म्हणून बघायची ती सवय तिथं सुटली.

प्रयोगशाळेतलं काम खाचरापेक्षा स्वच्छ आणि जास्त कंटाळवाणं. १२० मिलिलिटरची काचेची बाटली, तिच्यात १० ग्रॅम ओली माती, जाड ब्यूटाइल रबराचं बूच, वरून ॲल्युमिनियमची टोपी दाबून बसवायची. आतल्या हवेत १ टक्का मिथेन सोडायचा, म्हणजे १०,००० पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत दहा हजार भाग). बाहेरच्या हवेत आज तो २ पीपीएमच्याही जरा खालीच असतो, त्या मानानं ही मेजवानीच. बाटली अंधारात ठेवायची आणि दर काही तासांनी सुईनं थोडी हवा काढून जीसीवर रन लावायचा. पहिला दिवस काहीच होत नाही. मग आकडा हळूहळू उतरतो, आणि एकदा वेग आला की भराभर.

शेजारी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेत, जीव मारलेल्या मातीची बाटली असते. तिच्यातला मिथेन हलता कामा नये. माझ्या मेलेल्या मातीतही मिथेन कमी होत होता. एका बुचातून बारा-पंधरा वेळा सुई गेली की ते गळायला लागतं, हे शिकायला एक आठवडा गेला. (बूच हा माझ्या संशोधनातला सर्वांत महत्त्वाचा घटक आहे, असं मी त्या काळात वहीत लिहून ठेवलंय.)

मग मी मातीत अमोनियम सल्फेट हे नायट्रोजनचं खत घातलं.

इथं जरा थांबावं लागेल. मिथेनचा रेणू आणि अमोनियाचा रेणू आकारानं जवळपास सारखे. मिथेन खाणाऱ्या जिवाणूंकडे तो फोडायला तांब्यावर चालणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं: मिथेन मोनोऑक्सिजनेज. अमोनिया खाऊन जगणाऱ्यांकडे असतं अमोनिया मोनोऑक्सिजनेज. ही दोन विकरं भावंडं आहेत. दोघांची जनुकं एकाच पूर्वजापासून आली असावीत, असं १९९५ मध्ये त्यांची तुलना करून दाखवलं गेलं. भावंडं इतकी सारखी की दोघंही एकमेकांचं अन्न उचलतात. मिथेनवाल्याच्या हाती अमोनिया लागला तर तो त्याचं हायड्रॉक्सिलअमाइन करून बसतो, आणि ते विषारी. पुढं नायट्राइट झालं तर तेही त्रासदायकच. अमोनियावाल्याच्या हाती मिथेन लागला तर तो मिथेनॉल करतो, पण त्यातून त्याच्या पोटात काही पडत नाही.

त्यामुळे अमोनियम घातल्यावर मिथेन खाणं मंदावेल, हा अंदाज सरळ होता. आणि तसंच झालं. जास्त अमोनियम, तितकी रेषा सपाट. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या जंगलाच्या मातीवर नायट्रोजन खत टाकल्यावर ती हवेतला मिथेन कमी शोषते, असं आढळलं होतं. त्याच धाग्यावर माझं उत्तर बसत होतं. मी आलेख छान रंगवून मॅडमकडे नेला.

त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "बाटलीत झालं. मुळाशी काय होतं?"

मला वाटलं, तेच होणार की. त्या काही बोलल्या नाहीत. कुंड्यांचा प्रयोग कर, एवढंच म्हणाल्या.

कुंड्यांमध्ये भात वाढायला वेळ लागतो, तोवर मी मातीत नक्की कोण आहे ते बघायला घेतलं. मातीतून डीएनए काढायचा आणि मिथेन मोनोऑक्सिजनेजचं पीएमओए नावाचं जनुक पीसीआरनं वाढवायचं, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढायच्या. चिखलातला डीएनए काढताना त्यासोबत तपकिरी ह्युमिक पदार्थ येतात आणि ते पीसीआर बंद पाडतात. चार वेळा काही आलं नाही. पाचव्यांदा डीएनए दहापट पातळ केला आणि डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर ५०० बेसजोड्यांच्या थोडं वर, अपेक्षित जागी, झकास बँड, म्हणजे पट्टा, दिसला. सगळ्या नमुन्यांत. वरच्या थरात तर फारच ठळक. मी लिहून टाकलं: वरच्या थरात मिथेन खाणारे सर्वाधिक.

डीएनएचे ते तुकडे वाचून आले तेव्हा त्यातले पुष्कळसे नायट्रोसोस्पायराचे निघाले. नायट्रोसोस्पायरा मिथेन खात नाही. तो अमोनिया खाणारा. माझे प्रायमर, म्हणजे कुठला तुकडा वाढवायचा ते पीसीआरला दाखवणारे डीएनएचे लहान तुकडे, जुन्या जोडीचे होते, ए१८९ आणि ए६८२, आणि ही जोडी भावंडांतला फरक करतच नाही. पीएमओए आणि अमोनियावाल्यांचं एएमओए, दोन्ही सारख्याच प्रेमानं उचलते. खरं तर ती जोडी तशीच मुद्दाम बनवलेली आहे, दोन्ही धरण्यासाठी. मी फ्रीजरमधल्या डबीवर "पीएमओए" लिहिलेलं वाचलं आणि पुढं विचार केला नाही. उलट बाजूचा प्रायमर बदलून एमबी६६१ घेतला, तेव्हा खरे मिथेनवाले वेगळे दिसले: वरच्या थरात मिथायलोबॅक्टरच्या घराण्यातले, सगळीकडे मिथायलोसिस्टिस आणि मिथायलोसायनसच्या जवळचे.

रागावण्यासारखी चूक होती, पण तिनं माझं काम दुप्पट केलं आणि बरंही केलं. कारण आता प्रश्न उरला: त्या नखभर थरात अमोनिया खाणारे एवढे आहेत, तर ते करतात काय?

अमोनियाचं काम मोजणं मिथेनपेक्षा सुंदर आहे. मातीचा पातळ काला करायचा, त्यात थोडं अमोनियम घालायचं, आणि पोटॅशियम क्लोरेट. अमोनियाचं नायट्राइट करणारे वेगळे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बहुधा वेगळे. क्लोरेटनं दुसरी टोळी थांबते आणि नायट्राइट साचत जातं. २४ तास हलवत ठेवायचं, दर काही तासांनी थोडा काला काढून गाळायचा आणि त्यात ग्रीस अभिकर्मक टाकायचा. नायट्राइट असेल तर गुलाबी. जितकं जास्त तितका गडद. आकडा ५४० नॅनोमीटरवर यंत्र देतंच, पण रात्री अकरा वाजता एका रांगेत फिक्या गुलाबीपासून राणी रंगापर्यंत चढत गेलेल्या नळ्या बघण्यात जो आनंद आहे तो जीसी देत नाही. वरच्या २ मिलिमीटर मातीच्या नळ्या गडद, खालच्या मातीच्या जवळजवळ पाण्यासारख्या, आणि मुळांना चिकटलेल्या मातीच्या मधल्याच कुठल्यातरी.

"बहुधा वेगळे" असं मी वर लिहिलं ते मुद्दाम. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कींनी १८९० च्या सुमारास हे दोन टप्पे दोन वेगळ्या जिवाणूंचे असल्याचं दाखवलं आणि शंभराहून जास्त वर्षं तेच चाललं. मग २००५ मध्ये मत्स्यालयातल्या टाकीतून वेगळा केलेला एक आर्किया अमोनिया खातो असं निघालं. आणि २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की नायट्रोस्पायरा वंशातले काही जिवाणू दोन्ही टप्पे एकटेच उरकतात. अशांपुढं क्लोरेटचा हिशेब डळमळतो. मिथेनच्या बाजूलाही तेच. त्याला खाणारा जिवाणू १९०६ मध्ये सॉन्गेन यांनी वेगळा केला तेव्हापासून बराच काळ ऑक्सिजन हवाच असं धरलं होतं. १०० वर्षांनी, २००६ मध्ये, ऑक्सिजनशिवाय नायट्राइटच्या जोरावर मिथेन खाणारे सापडले. माझ्या बाटल्यांत हे सगळे असू शकत होते. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "असतीलच. तू आधी आहेत त्या बाटल्या नीट मोज."

ॲसिटिलीनचा तरी उपयोग होईल असं वाटलं होतं. अगदी थोडं ॲसिटिलीन दिलं की विकर कायमचं बंद पडतं. पण तेही भावंडांत भेद करत नाही, दोघांनाही एकदम गप्प करतं.

मिथेनच्या बाजूसाठी मग डायफ्लुरोमिथेन आलं. हा वायू मिथेन खाणाऱ्यांना तात्पुरता रोखतो आणि योग्य मात्रेत दिला तर मिथेन बनवणाऱ्यांना फारसा धक्का लावत नाही. (तो स्वतःच चांगला जबर हरितगृह वायू आहे, शीतकरणाच्या यंत्रांत वापरतात. हवा वाचवायच्या अभ्यासासाठी आम्ही तो सिलिंडरमधून सोडत होतो, यावर प्रयोगशाळेत बरेच विनोद झाले.) कुंडीवर चेंबर ठेवायचं, आधी नेहमीसारखा मिथेन मोजायचा, मग डायफ्लुरोमिथेन देऊन पुन्हा मोजायचा. खाणारे थांबले की उष्टं वाढतं. जेवढं वाढलं तेवढं ते रोज खात होते. वर न आलेला मिथेन मोजायचा मला हवा होता तो मार्ग हाच.

पहिले आठवडे फरक चांगला दिसला. मग रोपं फुटवे धरून जोमात आली, मुळं कुंडीभर पसरली, मिथेनही वाढला, आणि फरक कमी कमी होत गेला. खत न दिलेल्या कुंड्यांत तर एका दिवशी दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. रोखलं काय नि न रोखलं काय, बाहेर येणारा मिथेन तेवढाच. खाणारे होते, डीएनएत दिसत होते. ऑक्सिजन होता, मुळांवरचा तांबूस लेप सांगत होता. मिथेन तर उदंड. तरी जेवण थंड.

मग त्याच कुंड्यांपैकी अर्ध्यांना अमोनियम दिलं. बाटलीत ज्यानं जेवण बंद पाडलं होतं, तेच. तीन-चार दिवसांत रेषा पुन्हा वेगळ्या झाल्या. डायफ्लुरोमिथेन दिल्यावर उष्टं वाढायला लागलं, म्हणजे रोखण्याआधी कोणीतरी पुन्हा खात होतं.

मी वही घेऊन पळतच गेले. मॅडमनी खणातून एक जुना लेख काढला: २००० साली 'नेचर'मध्ये पॉल बोडेलियर आणि सहकाऱ्यांनी भाताच्या मुळांभोवती हेच दाखवलं होतं, की अमोनियमचं खत मिथेन खाण्याला चालना देतं. "आधी का नाही सांगितलं?" असं मी विचारलं. "सांगितलं असतं तर तू बाटलीचा आलेख एवढा रंगवला नसतास," त्या म्हणाल्या.

नंतर विचार केला तेव्हा यात चमत्कार उरला नाही. मिथेनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन सोडून काही नाही. त्यावर जगणाऱ्याला नायट्रोजन दुसरीकडून आणावा लागतो, आणि अंगात घेतलेल्या ढोबळमानानं दर चार कार्बनमागे एक नायट्रोजन लागतो. भाताचं रोप जोमात असताना मुळांभोवतीचा नायट्रोजन चाटूनपुसून नेतं. हवेतल्या नायट्रोजनपासून स्वतःची सोय करता येणारे काही त्यांच्यात आहेत, पण ते काम महागाचं. म्हणून ताटात मिथेन असूनही ते उपाशी. बाटलीत उलट होतं: तिथं रोप नव्हतं, नायट्रोजनची चणचण नव्हती, आणि मी वरून इतकं अमोनियम ओतलं की विकराच्या दारात मिथेनला जागाच मिळेना. अमोनियम एकच. कुठं ते दारातली गर्दी, कुठं ते घरातलं धान्य. दोन्ही आलेख खरे होते, मी फक्त पहिल्याला खाचर समजले होते.

अमोनियावाल्यांचं म्हणाल तर तेही त्याच मुळाशी, त्याच ऑक्सिजनसाठी आणि त्याच अमोनियमसाठी हात पुढं करून बसलेले. त्या कुंड्यांत कोणी किती नेलं, हे माझ्या आकड्यांतून निघत नाही. एवढं दिसलं की मुळांजवळच्या मातीच्या गुलाबी नळ्या खत दिल्यावर गडद झाल्या. त्यांच्या कामाचा खाचरातला परिणाम जुनाच आहे. वरच्या थरात अमोनियमचं नायट्रेट होतं, ते झिरपून खालच्या ऑक्सिजन नसलेल्या मातीत उतरतं, आणि तिथले जीव त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. शिओइरींसारख्या जपानी मातीशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे ओळखलं आणि खत वर न टाकता चिखलात खोल द्यायला सांगितलं. काकांना मी हे सगळं उत्साहानं समजावलं. ते म्हणाले, "म्हणून आम्ही चिखलणीलाच खत घालतो." मग थोड्या वेळानं: "वरून टाकलेलं उडतं, हे पिकाच्या रंगावरून कळतं, ताई."

हंगामाच्या मध्यावर आम्ही अर्ध्या खाचराचं पाणी सोडून दिलं. मिथेन काही दिवसांत पार खाली आला. मातीत हवा शिरली आणि बनवणारेच थंडावले. मी खूश. पण त्याच व्हायल दुसऱ्या डिटेक्टरवर लावल्या तेव्हा नायट्रस ऑक्साइड वर गेलेला. ऑक्सिजन मिळाल्यावर अमोनियावाले जोरात सुटले होते, आणि त्यांच्या कामातून आणि पुढं नायट्रेट संपवणाऱ्यांच्या अर्धवट कामातून तो निघतो. १०० वर्षांच्या हिशेबानं एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, मिथेन २७ च्या आसपास. बेरीज केल्यावर आमच्या खाचरात पाणी सोडणं तरीही फायद्याचं ठरलं, पण मिथेनच्या रेषेनं वाटलं होतं तेवढं नाही. खत दिल्यावर लगेच पाणी सोडलेल्या तुकड्यात तर फायदा फारच थोडा.

कापणीनंतर चौकटी उपटल्या. फळ्या काढल्या. जमिनीला भेगा पडल्या होत्या. मी वरच्या थराची थोडी माती खरवडून कागदावर सावलीत वाळवली, पिशवीत भरली आणि कपाटात टाकून विसरून गेले.

पुढं चार-पाच महिन्यांनी कपाट आवरताना ती पिशवी हाती आली. माती पिठासारखी कोरडी. मिथेन खाणाऱ्यांपैकी काही जण वाईट काळात जाड कवचाच्या पेशी किंवा बीजाणू करून पडून राहतात, हे वाचलं होतं. वाचलेल्यावर आता फारसा विश्वास नव्हता. १० ग्रॅम माती बाटलीत घेतली, पाणी घातलं, नवं बूच लावलं, १ टक्का मिथेन सोडला. शेजारी मेलेल्या मातीची बाटली, तिलाही नवं बूच.

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा जरासा कमी होता, इतका जरासा की सुईची चूक म्हणून सोडून देता आला असता. मी मेलेल्या बाटलीचा रन पुन्हा लावला. ती होती तिथंच होती. चौथ्या दिवशी सकाळी जिवंत बाटलीत निम्मा मिथेन उरला होता.

पुढची सुई टोचायच्या आधी मी बूच तपासलं.